वायरचं मशीन, काडीचं मशीन आणि गटाचा पैसा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत.)



बचतीचा हिशोब झाला, थकबाकी वाचून झाली. अध्यक्ष ताईंनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय जरा वेगळा आहे. वेल्डिंग मशीन. काही जणी हसताय, हसा. पण गेल्या काही महिन्यांत तीन गटांनी मला हाच प्रश्न विचारला: "मॅडम, आमच्याकडे वायरचं मशीन पडून आहे. ते काडीचं करून घेता येईल का?"

मी समाजकार्य शिकलेली मुलगी, वेल्डर नाही. म्हणून आयटीआयच्या वेल्डिंगच्या सरांना विचारलं, तालुक्याच्या मोटार रिवायंडिंगवाल्या मिस्त्रींकडे बसले. जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते. कारण या प्रश्नामागे गटाचं कर्ज आहे, आणि दर महिन्याला जाणारा हप्ता आहे.

आधी फरक समजून घेऊ

काडीचं मशीन तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. होल्डरमध्ये काडी धरायची, लोखंडाला अर्थिंगचा चिमटा लावायचा, काडी घासली की पेटते आणि हळूहळू संपत जाते. काडी संपली की दुसरी लावायची.

वायरच्या मशीनमध्ये आत रीळ असते. पिस्तुलासारख्या टॉर्चचा खटका दाबला की छोटी मोटर वायर पुढे ढकलते. स्वस्त मशीनमध्ये गॅसची टाकी लागत नाही, वायरच्या पोटातच मसाला भरलेला असतो. शिकायला सोपं, पातळ पत्र्याला चांगलं.

मग अडतं कुठं? ती मसाल्याची वायर गावात मिळत नाही, तालुक्यालाही मिळेलच असं नाही. ओल लागली की फटफट उडते. वायर ढकलणारे रोलर आणि नळी अडकली की काम थांबतं. उलट काडीचा पुडा तालुक्यातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. म्हणून सगळ्यांना वाटतं, टॉर्च काढा, होल्डर जोडा, झालं काम!

तसं होत नाही, ताई. का होत नाही ते सांगते.

व्होल्ट आणि अँपिअर

व्होल्ट म्हणजे दाब. पाण्याची टाकी जितकी उंच तितका नळाला दाब. अँपिअर म्हणजे धार, किती पाणी येतंय ते. काडी पेटायला दाब लागतो, लोखंड वितळायला धार लागते.

काडीच्या मशीनला, काडी लोखंडाला लावायच्या आधी, साधारण ५० ते ८० व्होल्टचा दाब असतो. स्वस्त वायरच्या मशीनला तो बहुतेक वेळा २० ते ३० व्होल्टच असतो, कारण वायरला तेवढा पुरतो. अशा मशीनला नुसता होल्डर जोडला तर काडी चिकटते, नाहीतर पेटून लगेच विझते.

दुसरी गोष्ट. वायरचं मशीन दाब एकसारखा ठेवतं, धार कमीजास्त होऊ देतं. काडी तर आपण हातात धरतो. हात थोडा वरखाली होणारच. काडीला असं मशीन लागतं की हात हलला तरी धार फारशी बदलणार नाही. भाकरी भाजताना हात हलला म्हणून चूल भडकली तर कसं चालेल? एकीकडे करपेल, एकीकडे कच्ची राहील. सांध्याचंही तसंच होतं. वरून भरलेला दिसतो, हातोडी मारली की सुटतो.

मग मिस्त्री काय करतात?

एक पद्धत अशी: मशीनमध्ये ब्रिज रेक्टिफायर, मोठे कपॅसिटर आणि चोक बसवतात. खूप स्वस्त मशीनमधून एसी करंट येतो, त्याचा डीसी होतो. काडी जरा शांत जळते. बिनलोडचा दाबही वाढतो, २५ व्होल्टचा साधारण ३५ होतो. पण ५० होत नाही, आणि काम सुरू झालं की तो वाढलेला दाब पुन्हा खाली येतो. बारीक काडी कशीबशी चालते.

दुसरी पद्धत: ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी वाइंडिंगचे वेढे वाढवतात. विहिरीची मोटार जळल्यावर वाइंडिंग कसं भरतात ते तुम्हाला ठाऊक आहे, तसलंच काम. वेढे दुप्पट केले की दाब दुप्पट होतो, २५ चे ५० व्होल्ट. ऐकायला छान वाटतं. पण ट्रान्सफॉर्मर तोच आहे, त्याची ताकद तेवढीच आहे. दाब दुप्पट केला की धार अर्धी होते. परातीत पीठ तेवढंच असेल तर भाकरी मोठ्या थापल्यावर कमीच निघणार.

आता हा हिशोब वहीत लिहून घ्या. ९० अँपिअरचं मशीन आहे. वेढे दुप्पट केल्यावर ते साधारण ४५ अँपिअरचं राहिलं. आणि काडीला किती लागतात?

• १.६ मिलिमीटरची बारीक काडी: साधारण २५ ते ४५ अँपिअर
• २ मिलिमीटरची: ४० ते ६५
• २.५ मिलिमीटर, म्हणजे दुकानात १२ नंबर: ६० ते ९०
• ३.१५ मिलिमीटर, म्हणजे १० नंबर: ९० ते १३०

गेट, खिडकीची ग्रील, गोठ्याचं दार, ट्रॉलीची दुरुस्ती, आपल्या गावातली ही कामं १२ आणि १० नंबरच्या काडीची आहेत. बदललेलं मशीन तिथंपर्यंत पोचतच नाही. मिस्त्री खोटं बोलत नाही हं. तो म्हणतो "काडी चालेल," आणि चालते. पण कुठली काडी, ते आपण विचारलेलं नसतं.

पाटी वाचायला शिका

मशीनच्या मागे किंवा बाजूला एक पाटी असते. बहुतेक जणी ती कंपनीची जाहिरात समजतात. जन्मपत्रिकाच आहे ती. इंग्रजी अक्षरं आहेत म्हणून घाबरू नका, चारच गोष्टी शोधायच्या.

१. यू अक्षर आणि खाली छोटं शून्य: हा बिनलोडचा दाब. ५० च्या आत असेल तर काडीला कमी.

२. आय अक्षर आणि खाली छोटा २: ही वेल्डिंगची धार, अँपिअरमध्ये.

३. एक्स अक्षर आणि पुढे टक्के: हा कामाचा वेळ. २० टक्के असेल तर १० मिनिटांत २ मिनिटं वेल्डिंग आणि ८ मिनिटं मशीनला विश्रांती. १२ नंबरची एक काडी साधारण मिनिटभरात संपते. म्हणजे १० मिनिटांत दोन काड्या. अशा मशीनवर अख्ख्या गेटची ऑर्डर घेतली तर दिवस बसण्यात जाईल, नाहीतर वाइंडिंग जळेल.

४. एमएमए, आर्क किंवा स्टिक असा शब्द किंवा बटण. हा असेल तर मशीनमध्ये काडीची सोय कंपनीनंच दिलेली आहे! काही बदलायचं नाही, फक्त होल्डर आणि केबल आणायची. म्हणून सगळ्यात आधी हे बघा. अशी सोय असताना कुणी "बदलून देतो" म्हणून पैसे मागितले तर तुम्हाला ते ओळखता आलं पाहिजे.

आणखी एक. मशीन हलकं असेल, एका हातानं सहज उचलत असेल, तर ते बहुधा इन्व्हर्टरचं आहे. फक्त वायरचं इन्व्हर्टर मशीन उघडून काडीचं करायच्या फंदात पडू नका. त्यात धार-दाब सगळं आतली पाटी म्हणजे सर्किट ठरवतं. आणि आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. घरातल्या पोरांना, दिरांना स्पष्ट सांगा, मशीनचं झाकण उघडायचं नाही.

एका गटानं काय केलं

नाव सांगत नाही. आपल्याच भागातला गट. दोघी जणी वेल्डिंग शिकल्या, गटानं कर्ज काढून वायरचं मशीन घेतलं. पहिली रीळ संपली, दुसरी मिळाली नाही. मशीन धान्याच्या पोत्यामागं गेलं. हप्ता मात्र चालूच. बैठकीत ठराव आला की ओळखीच्या मिस्त्रीकडून काडीचं करून घेऊ. ओळख एका ताईंच्या मालकांची होती, त्यामुळे कुणी काही बोलेना.

तेव्हा त्या शिकलेल्या दोघींमधली लहान होती ती म्हणाली, "मशीन मी चालवणार आहे. त्यावर १२ नंबरची काडी चालेल का, एवढं मला विचारू द्या." एवढंच म्हणाली. मिस्त्रींना फोन लावला. ते सरळ माणूस. म्हणाले, "बाई, १२ नंबर नाही चालणार. बारीक काडी चालेल."

गटानं मग तीन गोष्टी ठरवल्या. वायरचं मशीन आहे तसं ठेवायचं, रोलर साफ करायचे, टॉर्चचं टोक बदलायचं, वायर जिल्ह्याच्या दुकानातून चार गटांनी मिळून मागवायची. त्या मशीनवर पातळ कामं करायची, कोंबड्यांची खुराडी, पातळ चौकोनी पाइपाचे स्टँड. आणि जाड कामाची ऑर्डर आली तर काडीचं मशीन दिवसाच्या भाड्यानं आणायचं. भाड्याचे दिवस आणि मिळालेली मजुरी एका पानावर लिहायची. भाड्यातच फार पैसे जायला लागले, तर स्वतःच्या काडीच्या मशीनसाठी ग्रामसंघाकडे अर्ज करायचा, तेच पान जोडून.

अजून त्यांनी अर्ज केलेला नाही. पान भरतंय. मशीन पोत्यामागून बाहेर आलंय.

तरीही बदलून घ्यायचं असेल तर

कधी बदलणं योग्यही असतं. जुनं, जड, ट्रान्सफॉर्मरचं मशीन आहे, वायर ढकलणारा भाग कायमचा गेलाय, आणि तुमचं काम बारीक काडीचंच आहे, तर करा. पण मिस्त्रीकडून हे कागदावर लिहून घ्या:

• बदलल्यावर कुठल्या नंबरची काडी चालेल आणि किती अँपिअर मिळतील
• सलग किती काड्या चालतील, मग किती विश्रांती
• कपॅसिटर बसवले तर मशीन बंद केल्यावर ते रिकामे व्हायची सोय केली आहे का
• मशीनच्या बॉडीला अर्थिंग आहे का

आणि त्याच पैशात जुनं पण चालू काडीचं मशीन मिळतंय का, त्याचे दोन ठिकाणचे दर आणा. चाचणी मिस्त्रीनं नाही, जी ताई काम करणार तिनं करायची. ६०१३ लिहिलेला काडीचा पुडा न्या, ती काडी एसी आणि डीसी दोन्हींवर चालते. जेवढ्या काड्या सांगितल्या तेवढ्या जाळून बघा. सांध्यावर हातोडी मारा. मगच उरलेले पैसे द्या.

जिवाचं

वायरच्या टॉर्चला खटका असतो. बऱ्याच मशीनमध्ये खटका दाबल्यावरच वीज येते. काडीच्या होल्डरला खटका नसतो. मशीन चालू आहे तोवर होल्डर जिवंत आहे. मांडीवर ठेवायचा नाही, लोखंडावर ठेवायचा नाही, लाकडी खुंटीला अडकवायचा. ओल्या जमिनीवर, ओल्या हातानं काम नाही. काडी बदलताना हातमोजा कोरडा हवा.

पॉलिएस्टरची साडी ठिणगीनं वितळून अंगाला चिकटते. सुती कपडे, वर सुती शर्ट, पदर खोचलेला. डोळ्यांना काळा गॉगल चालत नाही, वेल्डिंगचीच काच हवी, १० किंवा ११ नंबरची. नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, झोप लागत नाही. जीआय पत्र्याचा पांढरा धूर छातीत घेऊ नका, त्यानं ताप भरतो. लेप घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा.

वायरिंगचं मिस्त्रीला आणि मंजूर भाराचं महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. बारीक एक्स्टेंशनवर मशीन लावलं तर वायर तापते आणि दाबही पडतो.

पुढच्या बैठकीला

ज्या गटांकडे कुठलंही मशीन आहे, वेल्डिंगचं, कडबाकुट्टीचं, पिठाच्या गिरणीचं, त्यांनी पाटीचा मोबाइलवर फोटो काढून आणा. आपण मिळून वाचू. वेल्डिंगच्या मशीनचा फोटो असेल तर ते चालवणारी ताईही सोबत यायला हवी. खर्चाच्या ठरावावर सही करण्याआधी तिचं म्हणणं नोंदवहीत लिहायचं, ही मी सचिव ताईंना विनंती करते.

मी इथंच थांबते. काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी या, आयटीआयच्या सरांना लगेच फोन लावू.