स्वतःचीही एक बैठक घ्या
(महिला मेळाव्यात गटातील एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझीच एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही.

तीन वर्षांमागं मी गटातून 15 हजार रुपये कर्ज घेतलं. ठरावात लिहिलं, शेळीसाठी. अन् उडवले नातवाच्या बारशाला. मांडव, साउंड, आहेराच्या साड्या. लोक म्हणाले, "काय थाट केला!" तो थाट एका दिवसाचा. पुढं आठ महिने मी बैठकीत मान खाली घालून बसले. कुणी सहज विचारलं, "काय गं, शेळी व्याली का?" की माझ्या पोटात गोळा यायचा. मजुरी करून हप्ते भरत होते, एकही चुकवला नाही. तरी झोप नव्हती.

एका रात्री अंथरुणावर उठून बसले अन् स्वतःलाच विचारलं, "बाई, तुला काळजी पैशाची आहे की खोट्याची?" उत्तर लगेच आलं. पुढच्या बैठकीत सगळं सांगून टाकलं. बाया रागावल्या, दंडही लावला. पण त्या रात्री मी गाढ झोपले.

तेव्हापासून रोज निजण्याआधी पाच मिनिटं शांत बसते. गटाच्या पंचसूत्रीत जशी नियमित बैठक अन् नियमित हिशेब, तशी ही माझी एकटीची बैठक. प्रश्न तीनच. आज कुणाला दुखवलं का? खर्च केला तो गरजेचा, की लोकांना दाखवायचा? कुणापासून काही लपवलं का?

गाडगेबाबा दिवसा खराट्यानं गाव झाडायचे अन् रात्री कीर्तनात सांगायचे, सणासाठी कर्ज काढू नका. अंगावर चिंध्या, पण गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. साधेपणात कमीपणा नाही.

पण एक ध्यानात ठेवा. साधं राहणं म्हणजे पोट मारणं नव्हे. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणं, ताप अंगावर काढणं, हा साधेपणा नाही. जेवण, दवाखाना, लेकीची शाळा यात काटकसर नको. काटकसर मांडवात करा.

यंदा नातीचं बारसं घरीच केलं. पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. कुणाचं काही अडलं नाही.

आज रात्री तुम्हीही पाच मिनिटं बसून बघा.

अन् हो, बचतीतून आता खरंच शेळी घेतलीय. मागच्या महिन्यात व्याली. आता खुशाल विचारा!