सत्यानाशी

झाशीच्या शिवारात हिवाळा सरू लागला की पडीक रानात एक काटेरी रोप फुलते. फुले पिवळीजर्द, पाकळ्या रेशमासारख्या तलम, पानांवर पांढऱ्या शिरा आणि देठ मोडताच ओघळणारा हळदीच्या रंगाचा चीक. बुंदेलखंड त्याला सत्यानाशी म्हणतो. महाराष्ट्रात त्याचे नाव पिवळा धोत्रा. वास्तविक धोत्र्याशी त्याचे काही नाते नाही. ते अफूच्या कुळातले, मूळचे अमेरिका खंडातले. युरोपीय व्यापाराच्या काळात ते भारतात आले. म्हणून प्राचीन वैद्यकग्रंथांतील स्वर्णक्षीरी ती हीच, हा समज कालगणनेपुढे टिकत नाही. चिकाच्या रंगावरून जुने नाव नव्या रोपाला चिकटले, इतकेच.

तरीही हे रोप निर्गुण नव्हे. खेड्यापाड्यांत त्याचा चीक खरूज व गजकर्णावर लावतात. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात हिवतापाचे रोगी त्याच्या पाल्याचा काढा घेत. संशोधकांनी त्याची रीतसर परीक्षा केली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोग्यांना त्यापासून उतार पडल्याचे दिसले, मात्र रक्तातील जंतूंचा निःशेष नाश झाला नाही.

खरा घात आहे तो बियांत. त्या काळसर आणि गोल, वरवर पाहता थेट मोहरीसारख्या. झाशीत अठराव्या शतकापासून मराठी घरे नांदत आली. तिथल्या स्वयंपाकघरांत मोहरीचे तेल नित्याचे. मोहरीत या बियांची भेसळ झाली, तर त्यांतील सँग्विनारीन हे विष तेलात उतरते. केशवाहिन्या पाझरू लागतात, पायांवर सूज चढते, धाप लागते, हृदय थकते. क्वचित काचबिंदूने दृष्टीही जाते. या साथीची पहिली नोंद १८७७ साली कलकत्त्यात झाली. पुढे १९९८ साली दिल्लीत अशाच तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली.

झाशीत आज केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्था आहे. औषधी वनस्पतींची नेमकी ओळख पटविणे, हे अशा संस्थांचे आद्य कर्तव्य होय. गृहिणीला मात्र भिंग घेऊन तेल पारखता येत नाही. तिने मोहरी निवडताना ताटात पसरून पाहावी: मोहरी गुळगुळीत असते, सत्यानाशीची बी खडबडीत, खाचखळग्यांची. संशयित तेल वापरू नये, तपासणीसाठी द्यावे. नत्राम्लाने त्याला नारिंगी-तांबडा रंग चढला, तर भेसळीचा दाट संशय घ्यावा. रानातल्या रोपाने कोणाचा सत्यानाश केलेला नाही. तो होतो अजाणतेपणाने, आणि त्याहून अधिक लोभाने.