गर्दीची रंगीत तालीम

१६ जुलै २०२१ ची दुपार आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कोरोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लागणार होता. दुपारी एकची वेळ जाहीर झाली. राज्यभरातले पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी आणि त्यांचे पालक निकालाच्या संकेतस्थळांकडे वळले आणि ती संकेतस्थळे कोलमडली. कित्येक तास मुले बैठक क्रमांक टाकत राहिली. निकाल तयार होता, फक्त तो दिसत नव्हता.

अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच ऐकायला मिळते आणि आपणही अवकाळी पाऊस यावा तसे ते सोसतो. पण पावसाची तारीख कुणी जाहीर करत नाही, इथे तर तारीख, वेळ आणि माणसांचा आकडा, सारे आधीच ठाऊक असते. मग या गर्दीची तालीम का घेऊ नये? संगणकाच्या व्यवसायात तिला ‘परफॉर्मन्स टेस्टिंग’ म्हणतात. आपण कार्यक्षमता चाचणी म्हणू.

नेहमीच्या चाचणीत एक माणूस बटण दाबतो आणि योग्य पान उघडले की समाधान मानतो. एकट्यासाठी जे उघडते ते हजारांसाठी उघडेल, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकेसारख्या देशालाही याचा फटका बसला. आरोग्य विम्यासाठी तिथल्या केंद्र सरकारचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी शेवटपर्यंत पूर्ण करू शकले ते फक्त ६ जण! साऱ्या यंत्रणेची एकत्रित तपासणी उद्घाटनाच्या जेमतेम दोन आठवडे आधी सुरू झाली होती, असे कंत्राटदारांनी पुढे संसदेच्या समितीसमोर सांगितले.

सुरुवात कुठून करायची? पुष्कळ जण आधी साधन शोधतात. माझ्या मते आधी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, एका महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज ऑनलाइन आहे. शेवटच्या दिवशी, शेवटच्या दोन तासांत ३,००० मुले येतील असा अंदाज आहे. म्हणजे मिनिटाला २५. अर्ज भरायला १२ मिनिटे लागतात. तर कोणत्याही क्षणी आत किती मुले असतील? २५ गुणिले १२, म्हणजे ३००. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा नियम आहे आणि तो बँकेच्या रांगेलाही लागू पडतो.

आता यातली खरी गोम पाहा. संकेतस्थळ मंदावले आणि त्याच अर्जाला २४ मिनिटे लागू लागली, तर येणारी मुले तेवढीच असूनही आत ६०० जण अडकतील. मंद संकेतस्थळ स्वतःच स्वतःची गर्दी वाढवते. त्यात कंटाळलेला माणूस पुन्हा पुन्हा ‘रिफ्रेश’ करतो, त्याचा भार वेगळाच. म्हणून ही यंत्रणा हळूहळू थकत नाही. ती बराच वेळ छान चालते आणि एका टप्प्यानंतर अचानक बसते. तो टप्पा कुठे आहे, हे आधी शोधणे हेच चाचणीचे काम.

आकडा हाती आला की साधन घ्यावे. ‘अपाचे जेमीटर’ हे साधन १९९८ पासून उपलब्ध आहे, मोफत आहे आणि साध्या संगणकावर चालते. दुसरे एक आहे, त्याचे नाव ‘लोकस्ट’, म्हणजे टोळ. टोळधाडीवरून हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. ही साधने काल्पनिक माणसे तयार करतात. ती पान उघडतात, थोडे थांबतात, माहिती भरतात. हे थांबणे महत्त्वाचे आहे, कारण खरा माणूस वाचतो, चष्मा शोधतो, आईला जन्मतारीख विचारतो. सुरुवात पाच माणसांनी करावी, मग ५०, १००, २०० असे चढत जावे आणि अपेक्षित आकड्याच्या थोडे पुढेही जाऊन पाहावे.

इथे फसवणुकीच्या जागा बऱ्याच आहेत. निकालाच्या संकेतस्थळाची चाचणी एकच बैठक क्रमांक हजार वेळा टाकून केली, तर संगणक ते उत्तर स्मरणात ठेवतो आणि झटपट देतो. खऱ्या दिवशी प्रत्येक क्रमांक वेगळा असतो. तसेच, तपासणीसाठी शंभर नावांची यादी ठेवली तर शोध क्षणात लागतो. प्रत्यक्षात यादी पंधरा लाखांची असते आणि नीट अनुक्रमणिका नसेल, तर संगणक दरवेळी ती पहिल्या नावापासून चाळत बसतो. आणखी एक गंमत अशी की, ‘क्षमस्व’ म्हणणारे पान फार लवकर उघडते! पानावर गुणपत्रिका आहे की क्षमायाचना, हे न तपासणारी चाचणी त्यालाच उत्तम वेग समजते.

अहवालातली सरासरी हा तर माझ्या विशेष रागाचा विषय. शंभरपैकी ९० जणांना एका सेकंदात उत्तर मिळाले आणि १० जणांना ३० सेकंद लागले, तर सरासरी येते ३.९ सेकंद. वरिष्ठांना हा आकडा बरा वाटतो. पण ३.९ सेकंद लागलेला माणूस त्या शंभरांत एकही नाही आणि ताटकळलेले दहा जण त्यात दिसतच नाहीत. म्हणून विचारावे ते असे : शंभरातल्या ९५ जणांना किती सेकंदांच्या आत उत्तर मिळाले? इथे उत्तर ३० सेकंद येते आणि दुखणे उघड होते. ग्रामीण भागातला, उधारीच्या मोबाइलवर अर्ज भरणारा मुलगा बहुधा त्या दहांतच असतो.

एक सूचना आवर्जून करतो. हा प्रयोग दुसऱ्याच्या संकेतस्थळावर कधीही करू नये. ती चाचणी न राहता हल्ला ठरते आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० त्याची दखल घेतो. स्वतःच्या संकेतस्थळाचीही शक्यतो हुबेहूब वेगळी प्रत उभारून, लोकांचा वापर चालू नसलेल्या जागी चाचणी घ्यावी.

श्रोत्यांपैकी कुणी शाळा, पतसंस्था किंवा नगरपालिकेसाठी संकेतस्थळ करून घेत असतील, तर करारात नुसते ‘वेगवान असावे’ असे लिहू नका. त्याला काही अर्थ नाही. ‘एकाच वेळी ३०० जण अर्ज भरत असताना ९५ टक्के पाने ३ सेकंदांच्या आत उघडावीत आणि तशी चाचणी आमच्यासमोर करून दाखवावी’ असे लिहा. ती तारीखही उद्घाटनाच्या निदान महिनाभर आधीची ठेवा, म्हणजे दोष सापडला तर दुरुस्तीला वेळ राहील.