लेखनाची अडचण आणि घरचा अभ्यास



चौथीतील मुलगा उत्तर तोंडी घडाघडा सांगतो; परंतु तेच वहीत उतरविताना अक्षरे ओळ सोडतात, शब्द एकमेकांत मिसळतात, हात दुखू लागतो. घरातील मंडळी यास आळस समजून तेच पान पुन्हा लिहावयास लावतात. वस्तुतः ही लेखन-अक्षमता, अर्थात डिस्ग्राफिया असू शकते. ती बुद्धिमांद्य नव्हे. अक्षराचे वळण आठवण्यातच ज्याची शक्ती खर्ची पडते, त्याला वाक्य जुळविण्यास ती उरत नाही. त्यात आपल्या लिपीतील काना, वेलांट्या व जोडाक्षरे यांचा भार निराळाच!

अशा मुलास उत्तर प्रथम सांगू द्यावे, मोठ्यांनी ते उतरून घ्यावे आणि त्यातील मोजक्या ओळीच त्याने स्वतः लिहाव्यात. मात्र हे शिक्षकांना भेटून ठरवावे. चोरून गृहपाठ लिहून देणे वेगळे. गणितास चौकटीची वही द्यावी, अंक रकान्यात राहतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत लेखनिक वा जादा वेळ मिळू शकतो. तरीही ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने कित्येक पालक तपासणीच टाळतात आणि हुशार मूल कमी गुणांचे धनी होते. तपासणीस फेऱ्या पडतात. दहावीची वाट न पाहता मुलाच्या जुन्या वह्या व शिक्षकांचा अभिप्राय घेऊन आधीच जावे.