जुन्या मोटारीचा क्लच



एंजिनाचें फिरणें आणि चाकांचें फिरणें यांचा संबंध हवा तेव्हां जोडावयाचा आणि हवा तेव्हां तोडावयाचा, एवढेंच क्लचचें काम. परंतु तुटावयास हवा त्या क्षणीं हा संबंध तुटला नाहीं, तर उभी गाडी एकाएकीं पुढें उसळते. आणि पुढें कोण उभें आहे हें गाडी पाहत नाहीं. म्हणून ज्यांनीं एखादी जुनी मोटार हौसेनें जतन केली आहे, त्यांच्यासाठीं आज तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची निगा कशी राखावी याचा विचार करूं.

उदाहरणादाखल एम्. जी. बी. ही गाडी घ्या. इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. हिच्या पेडलपाशीं एक मास्टर सिलिंडर असतो आणि गिअरबॉक्सपाशीं दुसरा, स्लेव्ह सिलिंडर. दोहोंना जोडणारी नळी ब्रेक ऑइलनें भरलेली असते. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोंचतो, हा सतराव्या शतकांतील फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल याचा सिद्धान्त येथें राबत असतो. मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, तर स्लेव्हचा सव्वा इंच. म्हणजे दुसऱ्या दट्ट्याचें क्षेत्रफळ सुमारें पावणेतीनपट. पायाचें बळ त्या प्रमाणांत वाढतें, परंतु दट्ट्याची चाल त्याच प्रमाणांत घटते. स्लेव्हच्या वांट्याला चाल मुळांतच थोडी येते. म्हणून वाटेंत ती जराशी जरी वाया गेली, तरी क्लच पुरता सुटत नाहीं.

ही चाल तीन प्रकारें वाया जाते. पहिला प्रकार तेल गळण्याचा. टांकीतील तेलाची पातळी उतरूं लागली, तर वरचेवर भर घालून समाधान मानूं नये, गळती शोधावी. पेडलच्या मागील बाजूस हात लावून ओल आहे काय तें पाहावें. ती असल्यास मास्टर सिलिंडरचें रबर झिजलें आहे. मग गाडीखालीं स्लेव्हची रबरी टोपी किंचित् मागें सारावी. आंत तेल आढळल्यास दोष तेथें आहे. मात्र गाडी केवळ जॅकवर उभी असतां तिच्याखालीं कधींही शिरूं नये. भक्कम घोड्यांवर ती टेकवावी.

दुसरा प्रकार हवेचा. तेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. पेडल दोनतीनदां भराभर दाबल्यावर गिअर नीट पडूं लागला, तर बहुधा नळींत हवा शिरली आहे असें समजावें. ती काढण्यास दोन माणसें लागतात. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचें टोंक तेल असलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल सावकाश दाबावें, दुसऱ्यानें निपल उघडावा आणि पेडल वर येण्यापूर्वीं तो बंद करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हें चालवावें. मात्र वरची टांकी रिकामी होऊं देऊं नये, नाहींतर सगळें काम पुन्हां पहिल्यापासून. बाटलींत उतरलेलें तेल पुन्हां वापरूं नये.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. तेल पूर्ण, गळती नाहीं, हवाहि नाहीं. तरी क्लच सुटत नाहीं. अशा वेळीं पेडल आणि सिलिंडरची दांडी यांना जोडणारी खीळ काढून पाहावी. वर्षानुवर्षांच्या घर्षणानें ती झिजते आणि पेडलचें भोंक लांबट होतें. या पोकळींतच पायाची पुष्कळशी चाल खर्ची पडते. पुष्कळदां लोक नवे सिलिंडर बसवितात आणि ही स्वस्त खीळ तशीच ठेवतात!

आतां तेलाविषयीं. या गाडीस डॉट ४ प्रतीचें ब्रेक ऑइल चालतें. एंजिनाचें तेल टाकल्यास रबर फुगून निकामी होतें. म्हणून भाग धुण्यास पेट्रोल वा रॉकेलहि वापरूं नये. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि त्या ओलाव्यानें सिलिंडरला आंतून गंज चढतो. यास्तव दर दोन वर्षांनीं तेल बदलावें आणि फार दिवस उघडा राहिलेला डबा टाकून द्यावा. हें तेल रंगहि खातें. सांडल्यास तत्काळ पाण्यानें धुवावें.

चालकाच्या संवयीलाहि येथें महत्त्व आहे. या गाडीचें रिलीज बेअरिंग ग्राफाइटचें असतें. गाडी चालतांना पेडलवर पाय टेकवून ठेवणें किंवा चौकांत गिअर घालून क्लच दाबून थांबणें, यानें तें अकालीं झिजतें. आणि तें बदलण्यास एंजिन बाहेर काढावें लागतें.

क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या जागीं, पुढेंमागें कोणी नाहीं अशी खात्री करून, हँडब्रेक ओढून एंजिन संथ चालूं द्यावें. क्लच पुरता दाबून चार-पांच सेकंद थांबावें आणि मग उलटा गिअर घालावा. दांत करकरले, तर क्लच पुरता सुटत नाहीं असें जाणावें, आणि तो दुरुस्त होईपर्यंत घाटाची वाट धरूं नये. एंजिन सुरू करतांना गाडी न्यूट्रलमध्यें आहे, हें तर प्रत्येक वेळीं हातानें चांचपून पाहावें. क्लच कितीहि चांगला असला, तरी त्या एका गोष्टीसाठीं त्याच्यावर विसंबून राहूं नये.