थोड्या दिवसांचे मूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरी पाच महिने एक मुलगी राहून गेली आणि तिच्याविषयी आळीत पुष्कळ बोलले गेले. तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, आता तुम्हीच काय ते सांगा. म्हणून उभी राहिले आहे. मुलीचे नाव मात्र विचारू नका. अशा मुलांची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती नसती तरी मी सांगितले नसते.

आम्ही मुलगी दत्तक घेतली असे बऱ्याच जणींना वाटले. दत्तक घेतलेले मूल कायमचे आपले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८७४ साली यशवंताला घेतले, ते तसे. आमची मुलगी परत जाण्यासाठीच आली होती. याला प्रतिपालकत्व म्हणतात. आई इस्पितळात असते, बाप तुरुंगात असतो, जवळचे नातलग नसतात. अशा मुलाला बालगृहात ठेवण्याऐवजी एखाद्या घरी ठेवायचे. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्यात ही सोय आहे. मूल कोणाकडे द्यायचे ते बालकल्याण समिती ठरवते. रस्त्यावर दिसलेले पोर आपल्या मनाने घरी आणून ठेवता येत नाही. थोड्या मुदतीचे म्हणजे जास्तीत जास्त वर्षभराचे.

मूल येण्याआधी घराची पाहणी झाली. आलेल्या बाईंनी संडास पाहिला, पाण्याचे पिंप पाहिले, मुलगी निजणार कुठे ते विचारले. आमच्या ह्यांना वेगळे बसवून प्रश्न केले, तेव्हा ह्यांना जरा राग आला. मला उलट बरे वाटले. खोली भाड्याने देताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो; मूल देताना करू नये काय?

मुलगी सात वर्षांची. आई क्षयाने आजारी, बाप घर सोडून गेलेला. पहिले आठ दिवस ती मला केसांना हात लावू देईना. मग एकदा म्हणाली, "आई भांग बाजूने पाडते." एवढेच होते! मी मधून पाडत होते. तेव्हापासून बाजूने पाडू लागले आणि ती मुकाट्याने पाठ करून बसू लागली. मला मावशी म्हणायचे, हे मीच ठरवले. आई हा शब्द तिच्या आईसाठी राखून ठेवायला हवा होता. शाळाही तिची जुनीच ठेवली. दोन बस बदलाव्या लागत, पण त्या वर्गातल्या बाई आणि शेजारची मैत्रीण, एवढेच तिचे जुने उरले होते.

आईच्या तब्येतीला उतार पडला आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटले, तेव्हा समितीच्या परवानगीने ती भेटायला येऊ लागली. पहिल्या खेपेस खुर्चीच्या अगदी कडेला बसली. मुलगी माझ्या पदराआड. त्या बाईचा चेहरा मला पाहवेना. मी चहा टाकायला आत गेले आणि मुद्दाम वेळ लावला, तीनदा उकळला. बाहेर आले तेव्हा पोर आईची बांगडी फिरवत बसली होती.

आता थोडे कडू बोलते. घरी मुलीचा त्रास आम्हांला झाला नाही. त्रास झाला तो बाहेरच्या बोलण्याचा. "जात कोणती?" "आईला नक्की झालंय तरी काय?" "इतका लळा लावू नका, जाणारच ती." हे सारे तिच्या देखत! एका हळदीकुंकवात तिला वाण देता देता एकीने विचारले, "तुझी खरी आई कुठे ग?" त्या रात्री ती जेवली नाही. आपण यशोदेच्या गौळणी हौसेने म्हणतो. पण अक्रूर रथ घेऊन आला तेव्हा यशोदेने कृष्णाला मथुरेला जाऊ दिलेच ना? तेव्हा तिला कोणी वेडी म्हटले नाही. लळा लावल्यावाचून मूल जेवतही नाही, निजतही नाही. जाताना मला रडू आले, अजून येते. म्हणून काय झाले?

तिच्याबरोबर मी एक वही दिली. काय खाते, कोणती लस झाली, कशाला भिते, गणितात कुठे अडते, सगळे माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात.

पैशाचेही विचारतात. बालसंगोपन योजनेत शासन २०२३ पासून एका मुलामागे महिना २,२५० रुपये देते. आजच्या महागाईत दूध, वह्या आणि बसभाडे यांतच ते संपतात. मिळकत म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये.

आपल्या मंडळात ज्यांची मुले मोठी होऊन दूर गेली आणि खोल्या रिकाम्या पडल्या, अशी घरे मला पाच-सहा तरी दिसतात. २०२४ च्या केंद्राच्या नव्या सूचनांप्रमाणे विधवा, परित्यक्ता किंवा अविवाहित बाईलाही एकटीने अर्ज करता येतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज मिळतो; पोलिसांचा आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. घरी मूल ठेवणे जमणार नसेल, तर निदान १०९८ हा फोन पाठ करा. संकटातल्या मुलासाठी तो रात्रंदिवस चालू असतो.

मंगळवारी दुपारी मी मोकळी असते. ज्यांना कार्यालयात जायचे असेल त्यांनी आदल्या दिवशी निरोप द्या, मी बरोबर येईन.