सीमेपलीकडचा अर्धवेळ कामगार : हक्क की परवाना?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



परदेशातील नोकरीचे परवाने हा विषय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. व्हिसा ही सुशिक्षित मध्यमवर्गाची विवंचना, कष्टकऱ्यांचा तिच्याशी काय संबंध, असेही कोणी म्हणेल. परंतु शेजारच्या देशात आठवड्याचे मोजके तास काम करणाऱ्या परिचारिकेला वा शिक्षकाला कायदा कसे वागवतो, यावरून त्या कायद्यामागील अर्थव्यवस्था श्रमाकडे कोणत्या दृष्टीने पाहते हे उघड होते. त्यासाठी दोन सीमांची उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिली सीमा डेट्रॉइट नदीची. एका काठावर कॅनडाचे विंडसर, दुसऱ्या काठावर अमेरिकेचे डेट्रॉइट. विंडसरमध्ये राहणाऱ्या शेकडो परिचारिका पूल वा बोगदा ओलांडून डेट्रॉइटच्या रुग्णालयांत कामाला जातात. हे शक्य होते ते ‘टीएन’ या दर्जामुळे. कॅनडा व अमेरिका यांच्यातील १९८९ च्या व्यापार करारात याची सुरुवात झाली. १ जानेवारी १९९४ पासून अमलात आलेल्या ‘नाफ्टा’ कराराने मेक्सिकोलाही त्यात घेतले. १ जुलै २०२० पासून ‘नाफ्टा’ची जागा नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली, तरी ही तरतूद कायम राहिली.

या नियमात नोकरी पूर्णवेळच असावी अशी अट नाही. अर्धवेळ काम चालते. दोन मालकांकडेही चालते, मात्र प्रत्येक मालकासाठी मंजुरी निराळी घ्यावी लागते. एका वेळी तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते व ती पुन्हा वाढवता येते. स्वतःचा व्यवसाय थाटण्यास मनाई आहे. काम मालकाच्याच हाताखाली केले पाहिजे. नोकरी गेली तर अमेरिकेत राहणाऱ्यास जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळू शकते. पती वा पत्नीला सोबत राहता येते, परंतु त्या दर्जावर नोकरी करता येत नाही. थोडक्यात, परवान्यावर नाव कामगाराचे असले तरी त्याचा प्राण मालकाच्या पत्रात असतो.

यामागील अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. विंडसरच्या परिचारिकेचे शिक्षण कॅनडातील जनतेच्या करांच्या आधारावर झालेले असते. ती आजारी पडली तर तिच्या उपचारांचा भार ओंटॅरिओ प्रांताची सार्वजनिक आरोग्ययोजना उचलते. अमेरिकेत मात्र आरोग्यविमा बहुतांशी नोकरीशी बांधलेला आहे आणि आठवड्याला सरासरी तीस तासांहून कमी काम करणाऱ्यास तो देण्याचे बंधन मोठ्या मालकांवरही नाही. म्हणजे श्रमशक्ती घडवण्याचा व राखण्याचा खर्च एका देशातील समाजाने सोसावयाचा आणि तिचा लाभ पलीकडील मालकाने घ्यावयाचा. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे ही सीमा अनावश्यक प्रवासासाठी बंद झाली, तेव्हाही या परिचारिका पूल ओलांडतच होत्या. दोन्ही काठांवर नोकरी करणाऱ्या काहींना, एकच जागा निवडा, असे सांगण्यात आले. निर्णय व्यवस्थापनाचा आणि झीज मात्र त्यांच्या पगाराला.

तरीही परिचारिका भाग्यवानच म्हणावयाची, कारण तिचा व्यवसाय करारातील यादीत आहे. या यादीत साठाहून अधिक व्यवसाय आहेत : अभियंता, लेखापाल, महाविद्यालयीन शिक्षक, संगणक प्रणाली विश्लेषक. गवंडी, शेतमजूर, घरकामगार यांचे नाव तीत नाही. १९९४ साली मेक्सिकोच्या बाजारपेठा अमेरिकन मक्याला खुल्या होऊ लागल्या व २००८ पर्यंत उरलेसुरले निर्बंधही गेले. त्याच १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने सॅन दिएगोजवळच्या सीमेवर ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू करून कुंपण व पहारा वाढवला. मक्याला वाट मिळाली. त्या मक्यामुळे शेत सोडावे लागलेल्या शेतकऱ्याला मिळाली नाही.

दुसरी सीमा जर्मनी व नेदरलँड्स यांच्यामधील. १९५७ च्या रोम कराराने सभासद देशांच्या कामगारांना एकमेकांकडे जाऊन काम करण्याचा हक्क दिला. परंतु अर्धवेळ काम करणारा हा ‘कामगार’ ठरतो का? १९८२ साली नेदरलँड्समध्ये अर्धवेळ काम करणाऱ्या एका ब्रिटिश नागरिक स्त्रीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ‘होय’ असे उत्तर दिले. काम खरेखुरे असावे, केवळ नाममात्र नसावे, एवढीच कसोटी लावली. १९८६ मध्ये नेदरलँड्समधील एका जर्मन संगीतशिक्षकाचा प्रश्न आला. तो आठवड्याला बारा पाठ घेत असे. तेवढ्यावर निर्वाह होईना म्हणून तो सरकारी साहाय्य घेत होता. त्यावरून त्याला राहण्याचा परवाना नाकारण्यात आला. न्यायालयाने तोही कामगारच आहे असा निर्णय दिला. तुटपुंजी मिळकत हा हक्क काढून घेण्याचा आधार ठरू शकत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

युरोपची व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. हा हक्क सभासद देशांच्या नागरिकांपुरताच आहे. बाहेरच्यांसाठी तेथेही कुंपणे आहेत. परंतु एका सीमेवर मालकाच्या पत्राने मिळणारी परवानगी आहे आणि दुसरीवर कामगाराच्या नावाचा हक्क आहे, हा फरक मूलभूत आहे. आठवड्याला बारा पाठ घेणाऱ्याला जो कायदा कामगार मानतो, त्याच्यापुढे तो शिक्षक ताठ मानेने उभा राहू शकतो.

हा फरक महाराष्ट्रालाही परका नाही. कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्याला तेथील नागरिकत्व मिळेपर्यंत ‘टीएन’चा दरवाजा बंदच असतो. कोकणातून आखातात जाणाऱ्या कामगाराचा परवानाही पुरस्कर्त्या मालकाशी बांधलेला असतो, आणि मालकाच्या मर्जीवर जगणे म्हणजे काय ते त्याच्या घरच्यांना कोणी शिकवावयास नको. पदवीधराचा आणि गवंड्याचा प्रश्न येथे एकत्र येतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. परवाना कामगाराच्या नावाचा असावा व मालक बदलण्याची मुभा त्यातच असावी. नोकरी सुटल्यावर दुसरी शोधण्यास पुरेसा अवधी मिळावा. सामाजिक सुरक्षा कामाच्या तासांच्या प्रमाणात मिळावी. कमी तास हे तिला वगळण्याचे निमित्त होऊ नये. आणि दोन्ही बाजूंच्या संघटनांनी परस्परांच्या सभासदांना आपले मानावे. संपाच्या वेळी बाहेरून माणसे आणून तो मोडला जाऊ नये म्हणून अशी व्यक्ती अडवण्याची तरतूद उत्तर अमेरिकेच्या करारातही आहे. तेवढी एक गोष्ट जर करारात येऊ शकते, तर बाकीच्याही येऊ शकतात. त्यासाठी रेटा मात्र नदीच्या दोन्ही काठांवरून लागला पाहिजे.